नळी जाईल का? सोनोग्राफीला विचारू या

वर्गात करता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. ताठ बसा, तोंड शक्य तेवढे उघडा आणि जीभ बाहेर काढा. 'आ' मात्र म्हणायचे नाही. आता समोरच्याने पाहायचे : पडजीभ पूर्ण दिसते का? की जीभच सगळे झाकून टाकते? पाच-सहा जणांचे घसे पाहिले की माणसामाणसांतला फरक लगेच लक्षात येईल.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ आपल्याला हेच करायला लावतात. मूळचे आंध्र प्रदेशातले, बोस्टनला काम करणारे डॉ. शेषगिरी राव मल्लमपती यांनी १९८५ मध्ये ही चाचणी मांडली. मोठ्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल पाडणारे औषध देतात. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. मग लॅरिंगोस्कोपने जीभ उचलून, स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नळी सरकवून प्राणवायू द्यावा लागतो. स्वरयंत्र दिसलेच नाही आणि प्राणवायू दुसऱ्या मार्गानेही देता आला नाही, तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

म्हणून अंदाज आधी हवा. पण तो कितपत खरा ठरतो? डेन्मार्कमधल्या १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नळी घालणे ३,३९१ जणांत अवघड गेले आणि त्यांतल्या ३,१५४ जणांबाबत तशी कल्पनाच नव्हती! म्हणजे शंभरात त्र्याण्णव वेळा अंदाज हुकला.

तोंडातून दिसते ते अपुरे आहे. मग गळ्याच्या बाहेरून आत पाहता येईल का? इथे सोनोग्राफीची आठवण होते, पण एक अडचण आहे. श्राव्यातीत ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. ऊती संपून हवा लागली, की जवळजवळ सगळा परत फिरतो. हजारातला एखादा भाग पुढे जातो. (पोटाच्या सोनोग्राफीत जेल का लावतात, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. कातडी आणि यंत्र यांच्यामधली हवा घालवायला!) श्वासमार्ग तर हवेनेच भरलेला. त्यामुळे त्याच्या आतले चित्र मिळत नाही. मिळते ते त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंतचे, आणि कामाचे नेमके तेच आहे.

स्वरयंत्रावर एपिग्लॉटिस नावाचे कूर्चेचे झाकण असते. पडद्यावर ते काळसर कमानीसारखे दिसते आणि त्यामागे, हवा सुरू होते तिथे, एक चकचकीत रेघ. मानेच्या कातडीपासून या झाकणापर्यंतचे अंतर मोजायचे. ते २ सेंटिमीटर असेल तर प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा सुमारे चाळीस हजारावा भाग लागतो. त्यावरून यंत्र अंतर काढते. मधला थर जाड असेल तर लॅरिंगोस्कोपने तो उचलून बाजूला सारणे कठीण जाते. अवघड घशांत हे अंतर सरासरीने जास्त असते, असे बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे. मात्र धोक्याची सीमा कोणी २ सेंटिमीटरच्या आसपास मानतो, कोणी अडीचच्या. यंत्र जरा दाबून धरले किंवा मान कमीजास्त वळवली, तरी आकडा बदलतो.

आमच्या मते खरी गोम गणितात आहे. हजार रुग्णांत अवघड घसे २० आहेत असे समजू. चाचणी त्यांतले १६ ओळखते. म्हणजे चांगलीच म्हणायची. पण उरलेल्या ९८० सोप्या घशांपैकी शंभरात वीस जणांना ती चुकून अवघड ठरवते. किती झाले? १९६! एकूण इशारे २१२, त्यांतले खरे १६. आकडे आम्ही उदाहरणापुरते घेतले आहेत, पण दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्या प्रत्येक चाचणीची हीच गत होते.

तरीही भूलतज्ज्ञ ती करतात, कारण दोन चुकांची किंमत सारखी नाही. खोट्या इशाऱ्यापायी कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप आणि जोडीला आणखी एक अनुभवी डॉक्टर तयार ठेवला जातो, किंवा घसा बधिर करून रुग्ण जागा असतानाच लवचीक दुर्बिणीवरून नळी घातली जाते. इशारा न मिळालेल्या चौघांच्या वेळी मात्र अडचण कळते ती श्वास थांबल्यावर.