‘व्ही-वन’च्या पुढे

गडचांदूरच्या माणसाला प्रवासी विमान गाठायचं तर नागपूर. सिमेंट कारखान्यांमुळे इथे बाहेरगावची ये-जा मोठी, आणि शिकलेली मुलं पुण्या-बंगळुरूला. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हापासून मुलांना निरोप देताना एक प्रश्न हमखास निघतो : उडता उडता इंजिन बंद पडलं तर?

एक बंद पडलं तरी विमान उडतं. तसं ते उडायलाच हवं, ही परवान्याची अट आहे. दोन इंजिनांच्या जेट विमानाला चाकं आत घेतल्यावर, एकाच इंजिनाच्या जोरावर, किलोमीटरभर पुढे जाताना किमान 24 मीटर वर चढता आलं पाहिजे.

खरी कसोटी धावपट्टीवर असते. वजन, वारा, तापमान, धावपट्टीची लांबी यांवरून प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग काढतात, त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवा विरळ होते, इंजिनाचा जोर उतरतो, तेव्हा हे गणित नव्याने बसवावं लागतं. तो वेग येईपर्यंत कॅप्टनचा हात थ्रॉटलवर असतो. गंभीर बिघाड दिसला की थ्रॉटल मागे आणि ब्रेक. सहवैमानिकाने ‘व्ही-वन’ असा पुकारा केला की कॅप्टन हात काढून घेतो. आता थांबायचं नाही, उडायचंच, हे त्या हातालाही कळावं म्हणून.

त्यानंतर इंजिन गेलं तर विमानाचं नाक बंद इंजिनाकडे ओढलं जातं. चालू इंजिनाच्या बाजूचं रडर पेडल पायाने दाबून ते सरळ ठेवायचं आणि चढत राहायचं. साधारण 400 फुटांपर्यंत इंजिनाच्या कळींना हात लावायचा नाही. मग एकाने कळ दाखवायची, दुसऱ्याने खात्री करायची, तेव्हाच इंधन तोडायचं. हा संथपणा मला फार मोलाचा वाटतो. 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात उड्डाणानंतर लगेच एका इंजिनाने दगा दिला आणि घाईत चालू इंजिनच बंद केलं गेलं. 58 पैकी 43 जण गेले.

पण वैमानिकांच्या हातात काहीच उरू नये, असंही घडतं. 12 ऑक्टोबर 1976 च्या मध्यरात्रीनंतर इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान मुंबईहून मद्रासला निघालं. बोइंगमध्ये बिघाड निघाल्याने ऐनवेळी दिलेलं हे बदली विमान. उड्डाणानंतर उजव्या इंजिनातली काँप्रेसरची चकती फुटली; धातू थकून तिला आधीच तडा गेलेला होता. तुकड्यांनी इंधनाची नळी कापली आणि आग लागली. कॅराव्हेलची इंजिनं शेपटीजवळ, विमानाच्या अंगालाच लागून. वैमानिकांनी विमान मुंबईकडे वळवलं, धावपट्टीही जवळ आली, पण आगीत हायड्रॉलिक तेल संपलं आणि नियंत्रण सुटलं. धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळलं. 89 प्रवासी, 6 कर्मचारी. वाचलं कुणीही नाही. मल्याळी अभिनेत्री राणी चंद्रा आणि तिच्या घरचे त्यातच होते.

सुटलेलं एखादं पातं इंजिनाच्या कवचाने अडवायलाच हवं, असा नियम आहे. फुटलेली चकती मात्र कुठलंच कवच अडवू शकत नाही. म्हणून आता नळ्या आणि तारा वेगवेगळ्या वाटांनी नेतात, एक तुटली तरी दुसरी उरावी. 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-380 मध्ये अशीच चकती फुटली, पंख भेदला गेला. कॉकपिटमधल्या पाच वैमानिकांनी बिघाडांची लांबलचक यादी एकेक करत तपासली आणि जवळपास दोन तासांनी सगळे 469 जण सुखरूप जमिनीवर आणले.

इंजिन बंद पडल्यावर विमान सांभाळायचं शिक्षण आपल्या विदर्भातही मिळतं. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे. तिथली मुलं आधी एका इंजिनाच्या डायमंड विमानावर हात बसवतात, मग दोन इंजिनांच्या. दोन इंजिनांच्या या शिक्षणात प्रशिक्षक एक इंजिन मुद्दाम मंद करतो आणि शिकाऊ वैमानिकाचा पाय योग्य पेडलवर जातो का, ते पाहतो. पुढे विमान कंपनीत लागल्यावर दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये हीच परीक्षा असते, पार निवृत्तीपर्यंत.