पुरातत्त्व शिकवणाऱ्याला पगार किती? नांदेड-लातूरच्या तरुणांसाठी सरळ हिशोब

लेणी संवर्धनाच्या मोहिमांमुळे आपल्या तरुणांना गेल्या काही वर्षांत एक नवी ओढ लागली आहे. सुट्टीच्या दिवशी लेण्यांवर जायचे, धम्मलिपी वाचायला शिकायची, एखाद्या देवळाच्या पोटात जुने चैत्यगृह आहे का हे पाहायचे. त्यातली काही मुले-मुली आता पुढचा प्रश्न विचारू लागली आहेत. यातच एम.ए. करून प्राध्यापक झालो तर घर चालेल का? घरचे तर हाच प्रश्न आधी विचारतात, आणि ते चूक नाहीत. म्हणून हा हिशोब.

पहिली गोष्ट, पगार विषयावर ठरत नाही, पदावर ठरतो. पुरातत्त्व असो, मानवशास्त्र असो, रसायनशास्त्र असो की मराठी, अनुदानित महाविद्यालयातल्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी एकच. सातव्या वेतन आयोगानुसार ती लेव्हल 10 आहे आणि सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये. राज्य सरकारने मार्च 2019 मध्ये हे वेतन लागू केले, तेही 1 जानेवारी 2016 पासून. महागाई भत्ता 55 टक्के धरला तर त्याचे 31,735 रुपये होतात, म्हणजे दोन्ही मिळून 89,435. वर घरभाडे भत्ता. तो शहराच्या वर्गावर असतो. नांदेड-वाघाळा वाय वर्गात आणि लातूर झेड वर्गात येत असल्याने तेच काम नांदेडला केले तर थोडे जास्त मिळते. दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ. पुढे सहयोगी प्राध्यापक झाल्यावर मूळ वेतन 1,31,400 पासून आणि प्राध्यापक झाल्यावर 1,44,200 पासून सुरू होते. जुनी पेन्शन मात्र नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या पगारातून अंशदायी पेन्शनची कपात होते.

आकडे चांगले आहेत. पण असे पद आहे कुठे?

नांदेड-लातूरच्या बहुतेक कला महाविद्यालयांत पुरातत्त्व म्हणजे इतिहासातला एखादा पेपर आणि मानवशास्त्र म्हणजे समाजशास्त्रातली दोन-तीन प्रकरणे. त्यामुळे ‘पुरातत्त्वाचा प्राध्यापक’ अशी जाहिरात आपल्याकडे शोधत बसलात तर वय निघून जाईल. जाहिरात निघते ती इतिहासाची किंवा समाजशास्त्राची. स्वतंत्र शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग अशा मोजक्या जागा आहेत. मुलगा किनवटचा, मुलगी औशाची, आणि विषय पुण्यात. खोलीभाडे आणि मेसचा खर्च इथूनच सुरू होतो.

ज्यांना पूर्णवेळ पद मिळत नाही ते तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे सीएचबीवर. राज्याने 2023 मध्ये पदवी वर्गाच्या तासिकेचा दर 900 रुपये केला. आठवड्याला नऊ तासिका मिळाल्या असे धरू. महिन्याच्या 36 तासिका, म्हणजे 32,400 रुपये. ऐकायला बरे वाटते. पण सुट्टीचे, परीक्षेच्या काळाचे पैसे नाहीत, आणि नेमणुकीचा आदेश बहुधा सत्र सुरू झाल्यावरच हातात पडतो. वर्षातले नऊ महिने काम मिळाले तर 2,91,600 रुपये. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे घरभाडे सोडून वर्षाचे होतात 10,73,220. दोघांची पात्रता तीच, वर्ग तोच, फळाही तोच. शिवाय मानधन दर महिन्याला येते असे नाही. तीन-चार महिन्यांचे एकदम येण्याची सवय सगळ्यांना झाली आहे. युजीसीने जानेवारी 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासिकेला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असा दर सुचवला होता. आपल्या राज्याचा दर त्याच्या बराच खाली आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांबद्दल तर बोलायलाच नको, तिथे कागदावरचा आकडा आणि हातातला आकडा यांची भेट क्वचितच होते.

असे का झाले? पदे रिकामी ठेवून तासिकेवर काम भागवणे स्वस्त पडते, म्हणून. 2017 मध्ये भरती थांबली. पुढच्या वर्षी 3,580 पदांना मान्यता मिळाली, त्यातली उरलेली 2,088 भरण्याची परवानगी 2021 मध्ये आली. दरम्यान नेट-सेट झालेली एक अख्खी पिढी तासिकांवर चाळिशीला पोहोचली. आणि जिथे पद निघते तिथे ‘किती द्यायचे’ हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. आपल्या मुलांसाठी ही भिंत दुप्पट उंच आहे, कारण विकायला शेत नाही.

आरक्षणाचे काय, असे कार्यकर्ते विचारतील. लहान विषयांचा खरा घात इथेच होतो. एखाद्या विषयाला महाविद्यालयात एकच पद असेल आणि बिंदुनामावली विषयवार धरली, तर ते पद आरक्षित होण्याची पाळी वर्षानुवर्षे येत नाही. मार्च 2018 मध्ये युजीसीने विभाग हेच एकक धरायला सांगितले तेव्हा देशभर आंदोलन झाले ते याचसाठी. 2019 मध्ये केंद्राने कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण संस्था हे एकक केले, राज्यानेही 2021 मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला. आता प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

मग या वाटेला जायचेच नाही का? मी तसे म्हणणार नाही. बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. जातीचा उगम शोधण्याचे काम त्यांनी या विषयाच्या हत्यारांनी सुरू केले. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे लातूरहून जाऊन-येऊन होणारे तेर, जुने तगर. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची विटांची गजपृष्ठाकार वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती हे अभ्यासकांनी ओळखले, घोषणांनी नाही. भोकरदनचे उत्खनन 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केले. त्याचा अहवाल ज्यांनी लिहिला ते पगारी अध्यापक होते. पद असले की खणायला, मोजायला, लिहायला वेळ मिळतो. सीएचबीवाल्याने उन्हाळ्यात तेरला जायचे की दुसरीकडे रोजंदारी बघायची?

म्हणून वाट धरायची तर थोडी अक्कलहुशारीने धरा. एम.ए.ला 55 टक्के लागतात, अनुसूचित जातीला 50. त्यानंतर नेट. नेटमध्ये पुरातत्त्व आणि मानवशास्त्र हे स्वतंत्र विषय आहेत, बौद्ध, जैन, गांधी व शांतता अध्ययन हाही आहे. पण गावाकडच्या महाविद्यालयातली जागा इतिहासाची असेल आणि तुमची पदवी पुरातत्त्वाची, तर छाननीत ‘संबंधित विषय’ कोणता यावरून अडवणूक होऊ शकते. परत मराठवाड्यात यायचे असेल तर इतिहासाची एम.ए. आणि इतिहासाची नेट हाताशी असलेली बरी, पुरातत्त्व त्यावर चढवता येते. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट पुरेशी आहे. तरीही जेआरएफचा प्रयत्न सोडू नका. 2023 पासून ती महिना 37,000 रुपये आहे, म्हणजे शिकवणाऱ्या सीएचबी प्राध्यापकापेक्षा संशोधन करणारा विद्यार्थी जास्त कमावतो, आणि तेही बाराही महिने! जेआरएफ हुकली तर बार्टीची अधिछात्रवृत्ती आणि केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आहे. जेआरएफसाठी वयाची अट 30 असते, आपल्याला पाच वर्षांची सूट. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. दाखल्यावर धर्म बौद्ध असला तरी 1990 च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीचा लाभ मिळतो.

आणि डोळे फक्त महाविद्यालयावर लावू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले उपअधीक्षक पुरातत्त्वज्ञ हे पद यूपीएससी भरते, तेही लेव्हल 10 चे, सुरुवातीचे मूळ वेतन 56,100. तिथे संस्थाचालकाच्या दारात उभे राहावे लागत नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे सहायक संचालक कार्यालय नांदेडमध्येच आहे.

कार्यकर्त्यांसाठी एक काम. आपल्या तालुक्यातल्या अनुदानित महाविद्यालयात इतिहास आणि समाजशास्त्राची मंजूर पदे किती, भरलेली किती, सीएचबीवर किती जण आहेत आणि बिंदुनामावली शेवटची कधी तपासली, एवढे चार प्रश्न लेखी विचारा. अर्ज महाविद्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, नाहीतर नांदेडच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे.