सातवीतून आठवीत : हायस्कुलातील पहिले सहा महिने



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. आजचा विषय निराळा असला तरी आपल्याच घरचा आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्या कार्यक्षेत्रातील वाड्यावस्त्यांवरची मुले जिल्हा परिषदेची शाळा सोडून हायस्कुलात जातात. कुठे चौथीनंतर, पुष्कळ ठिकाणी सातवीनंतर. यातली बरीच मुले दिवाळीपर्यंत रुळतात. काही मात्र मागे पडतात आणि नववीत केव्हातरी दप्तर खुंटीला लागते. प्लॉट पाहणीला फिरताना शाळेच्या वेळेत बांधावर बसलेले पोर दिसते, ते बहुधा असेच मागे पडलेले असते. "त्याचं डोकंच चालत न्हाई," असे घरचे सांगतात. आमचे म्हणणे असे की पुष्कळदा डोक्याचा दोष नसतो. जागा बदलली आणि नेमके त्याच वेळी लक्ष कमी पडले, एवढाच दोष असतो.

आपल्यापैकी बरेच सभासद आता ट्रेमधील रोपांची लागण करतात. रोप वाफ्यात कितीही तजेलदार असले तरी रानात लावल्यावर थोडे दिवस मलूल होतेच. म्हणून कोणी ते उपटून टाकत नाही. आपण हलके पाणी देतो, रोज एक फेरी मारतो, मेलेल्या रोपांच्या नांग्या लगेच भरतो. त्या वेळेवर भरल्या नाहीत तर पुढे कितीही खत घातले तरी त्या जागी ऊस उभा राहत नाही. हायस्कुलातल्या पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब असाच आहे.

मुलाच्या दृष्टीने काय बदलते ?

गावच्या शाळेत एक-दोन गुरुजी सगळे विषय शिकवतात. त्यांना मुलाचे घर, आईबाप, स्वभाव सगळे ठाऊक असते. हायस्कुलात दर तासाला शिक्षक बदलतो. वर्गात पाच गावांची साठ मुले असतात. गावात पहिला नंबर काढणारा मुलगा तिथे मधल्या बाकावरचा होतो. गृहपाठ प्रत्येक शिक्षक आपापला देतो, आणि तो केला की नाही हे रोज कोणी विचारीलच असे नाही.

दुसरा बदल भाषेचा. बऱ्याच मराठी हायस्कुलांत सेमी इंग्रजी वर्ग असतात. तिथे गणित व विज्ञान इंग्रजीतून असते. अंश-छेद पक्का येणारे मूल 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' ऐकून गोंधळते. गणित त्याला येत असते, शब्द अडवतो.

तिसरा बदल परीक्षेचा. २०२३-२४ या वर्षापासून आपल्या राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. तीत नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा मिळते, पण तीतही पास झाला नाही तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते. आठवीचे वर्ष आपोआप पुढे सरकत नाही, हे घरात सर्वांना माहीत असावे.

चौथा बदल अंगाचा. तेरा-चौदाचे वय असते. आवाज फुटतो, उंची वाढते, मुलीला पाळी सुरू होते. चारचौघांत उभे राहून "सर, मला समजले नाही" म्हणायची याच वयात सर्वांत जास्त लाज वाटते.

हे चारही बदल एकाच जूनमध्ये येतात. आणि आपल्याकडे तोच महिना मशागतीचा, भांगलणीचा आणि आडसालीच्या तयारीचा. घरात कोणाला बसायला फुरसत नसते.

एका बांधावरचे बोलणे

मागे एका सभासदांच्या प्लॉटवर गेलो असता ते म्हणाले, "काय सांगायचं साहेब, सातवीपातूर पयला नंबर काढणारं पोरगं. आता दप्तर टाकतंय आनि गप बसतंय. काय इचारलं तर बोलत न्हाई."

आम्ही विचारले, "आण्णा, हायस्कुलात तुम्ही किती वेळा गेला ?"

"अॅडमिशनला गेलो की."

"आणि या आडसालीत किती वेळा आला ?"

आण्णा हसले. "ते रोजचंच हाय."

आम्ही एवढेच म्हणालो की महिन्यातून एक फेरी तिकडेही मारा. पुढल्या आठवड्यात ते वर्गशिक्षकांना भेटले. मुलगा शेवटच्या बाकावर बसत होता आणि त्याला फळा नीट दिसत नव्हता. डोळे तपासले, चष्मा लागला. घरात कोणाच्याच हे ध्यानात आले नव्हते. गावच्या शाळेत वर्ग लहान, बाक पुढे, म्हणून तिथे निभावले होते.

प्रत्येक मुलाचे कारण चष्म्याचे नसेल. पण गप्प बसण्याला काहीतरी कारण असते, आणि ते शोधल्याशिवाय सापडत नाही.

घरच्यांनी काय करावे ?

१. दाखला वाचून घ्यावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव, वडिलांचे व आईचे नाव, जन्मतारीख, जात नीट पाहावी व आधार कार्डाशी ताडून घ्यावी. सातबाऱ्यावरील नावाची चूक निस्तरायला किती हेलपाटे पडतात हे आपण जाणता. दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक गेली तर त्याहून जास्त पडतात. आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश केवळ दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये तसे स्पष्ट आहे.

२. पहिल्या तीन महिन्यांत शाळा बुडवू नये. शेतकऱ्याच्या पोराला शेत कळलेच पाहिजे, हे आम्हीही म्हणतो. रविवारी, सुट्टीत खुशाल कामाला न्या. पण भांगलणीसाठी दोन दिवस, पाहुण्याच्या लग्नाला चार दिवस असे बुडाले आणि त्याच दिवसांत बीजगणिताची सुरुवात झाली, तर पुढचे सगळे तास त्याला परके होतात. रात्रीच्या लाईटची पाळी असेल तेव्हा मुलाला मोटर चालू करायला पाठवू नये. रात्री दोनला बारे धरलेले पोर सकाळी वर्गात डुलक्याच घेणार.

३. नांगी लवकर भरावी. तीस ते पस्तीसचे पाढे, अपूर्णांक, दशांश आणि इंग्रजी वाचन यांत कच्चेपणा असेल तर तो जून-जुलैतच काढावा. जुने गुरुजी गावातच असतात. त्यांना सांगितले तर ते आनंदाने आठवड्यातून तासभर देतात. सेमीच्या मुलाने एक वही करावी. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. लंब म्हणजे 'परपेंडिक्युलर', घनफळ म्हणजे 'व्हॉल्यूम'. रोज पाच शब्द लिहिले तरी दिवाळीपर्यंत पाचशेच्या वर होतात.

४. बसायला जागा आणि वेळ द्यावी. वेगळी खोली नसली तरी चालते. एक कोपरा, चांगला दिवा आणि संध्याकाळी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, एवढे पुरे. शाळेच्या सूचना हल्ली मोबाइलवर येतात. तो फोन घरातल्या कोणाच्या हातात असतो ते ठरवून ठेवावे, म्हणजे सूचना रानात राहत नाही.

५. रोज विचारावे, पण मार्क विचारू नयेत. "आज कोणत्या सरांनी काय शिकवलं ? कोणाशेजारी बसलास ? डबा कोणाबरोबर खाल्ला ?" असे विचारले की मूल बोलते. ज्या आईबापांची शाळा झाली नाही त्यांनाही हे जमते. मुलाने सांगितलेले नुसते ऐकले तरी त्याचा धडा पक्का होतो. शेजारच्या पोराशी तुलना मात्र करू नये.

६. महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांना भेटावे. तक्रार घेऊनच जावे असे नाही. "आमचं पोर कसं आहे ?" एवढे विचारले तरी शिक्षकाला मुलाचे घर कळते.

मुलींविषयी थोडे अधिक

मुलीची शाळा बंद होते ती बहुधा अंतरामुळे आणि भीतीमुळे. अंतराची सोय आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि मुलांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे. जून २०२४ पासून हे पास शाळेतच देण्याची पद्धत महामंडळाने सुरू केली. मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी.

भीतीची गोष्ट अवघड आहे. वाटेत किंवा स्टँडवर कोणी त्रास दिला तर मुलगी घरी सांगत नाही. सांगितले तर घरचे शाळाच बंद करतील, असे तिला वाटते. म्हणून आठवीला पाठवतानाच आईने आणि वडिलांनीही तिला शब्द द्यावा की, "काही झालं तरी आम्हाला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही." हा शब्द पाळावाही. त्रास देणाऱ्याचा बंदोबस्त करावा, त्यापायी मुलीला घरी बसवू नये. शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात, हे आपण पाहतो. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे गुन्हा आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मोफत फोन आहे. तो मुलामुलींना पाठ असावा.

पैशाची तजवीज

जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत असतात व दुपारचा आहार मिळतो. नववीपासून हा खर्च घरावर येतो. तो अचानक अंगावर आला की "यंदा राहू दे" असे होते. म्हणून उसाच्या बिलातून खताच्या पैशाप्रमाणे शाळेचे पैसेही आठवीच्याच वर्षी बाजूला काढावेत. आठवीत असतानाच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मुलांसाठी ती आहे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळेमार्फत अर्ज भरायचा असतो, म्हणून पहिल्या सत्रातच विचारावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा खेड्यातल्या पोराला हायस्कूल म्हणजे दूरच्या गावची गोष्ट होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. आज हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर आले आहे. तिथवर पोचलेले मूल पहिल्या सहा महिन्यांत परत फिरू नये, एवढे काम आपल्याकडे उरले आहे.

तरी सभासद बंधू-भगिनींना विनंती की, ज्यांचे मूल यंदा हायस्कुलात गेले आहे त्यांनी येत्या पंधरवड्यात एकदा शाळेत जाऊन यावे. आमचे गटातील कर्मचारी लागणीच्या नोंदीला येतील तेव्हा मुलांचीही चौकशी करतील. एखाद्या वस्तीवर दाखल्याची, पासाची किंवा अर्जाची अडचण असेल तर ती गट ऑफिसला जरूर कळवावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते