पाहुणचार आणि पगार

दारी आलेल्याला आधी पाणी, मग विचारपूस, ही आपली जुनी रीत. याच पाहुणचाराचा आता मोठा धंदा झाला आहे. त्या धंद्यात आपल्या जानेफळ-मेहकरकडच्या मुलामुलींना जागा कोणती, याचा येथे विचार करू.

कामगार संघटनेच्या कामात आम्ही नेहमी ऐकतो, ‘मुलगा पुण्याला हॉटेलात लागला.’ पण कोणत्या कामावर लागला, हे फारसे कोणी विचारीत नाही. मोठ्या हॉटेलात कामाचे मुख्य चार भाग असतात: स्वागतकक्ष, खोल्यांची व्यवस्था, वाढप आणि स्वयंपाकघर. प्रत्येक भागाला पायऱ्या आहेत. आज कांदा चिरणारा मदतनीस उद्या आचारी आणि पुढे मुख्य आचारी होऊ शकतो. लहान खाणावळीत अशी शिडीच नसते. तेथे टेबल पुसणारा पोऱ्या मिशा फुटल्या तरी पोऱ्याच राहतो. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात व ढाब्यावर राबविण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. पण वय वाढले म्हणजे बढती मिळते असे नाही. त्यासाठी विद्या लागते. मुंबईत १९५४ साली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने या विद्येची संस्था काढली, ती याच जाणिवेने.

पण प्रत्येकाने गाव सोडलेच पाहिजे काय? आपल्याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेले हे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. २०२० साली रामसर यादीत त्याचे नाव गेले. शेगाव आहे, जिजाऊंचे सिंदखेडराजा आहे. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रस्ता जसा माणूस आणतो, तसा तो लवकर परतही नेतो. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा प्रवासी चहापुरते पैसे ठेवतो. तोच रात्री मुक्कामाला राहिला, तर खोली झाडणारी, चादरी धुणारा, दूधवाला, भाजीवाली आणि वाटाड्या अशा पाच घरांत चूल पेटते. म्हणून रोजगार मोजायचा तो आलेल्या माणसांवर नव्हे, मुक्कामाच्या रात्रींवर.

या धंद्याला हंगाम असतो. उन्हाळ्यात लोणारचा काठ तापला की गिऱ्हाईक कमी होते आणि पहिली कुऱ्हाड रोजंदारीवाल्यावर पडते. बक्षिशीवर संसार चालत नाही. शेगावच्या संस्थानात सेवेकरी विनामूल्य राबतात, ती त्यांची भक्ती. तिचा दाखला देऊन हॉटेलमालकाने नोकराची मजुरी कापू नये.

तेव्हा नोकरी धरताना मुलांनी तीन गोष्टी विचाराव्यात. नेमणूकपत्र मिळेल काय? कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी किती? मंदीत पगाराचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांत नेमणूकपत्राची तरतूद आहे. हा कागद क्षुल्लक समजू नका. थकलेला पगार, विमा, उपदान यांसाठी भांडण्याची वेळ आली, तर आपण तेथे राबलो याचा पुरावा तोच असतो. मालक पाहुण्याच्या नावाची नोंदवही ठेवतो. त्याच्या दारी राबणाऱ्याचेही नाव कोठे तरी लिहिलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.