जुनी नाणी शोधायचा धंदा? आधी चिखलीचा हिशोब बघा



मोबाईलवर ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. एकजण शेतात मेटल डिटेक्टर फिरवतो, आवाज येतो, माती उकरली की चांदीचं नाणं! मग आपल्याला प्रश्न येतो, "सर, रावेतला सगळीकडे खोदाई चाललीय, शेजारी पवनेचा काठ आहे. मशीन घेऊ का? नाणी, दागिने मिळाले की विकून टाकू."

मशीनचे पैसे भरायच्या आधी आपल्याच पिंपरी-चिंचवडमधली एक गोष्ट ऐका.

जुलै २०२१. पोलिसांनी एका घरातून सोन्याची २१६ नाणी जप्त केली. वजन २ किलो ३५७ ग्रॅम, नाणी अठराव्या शतकातली. चिखलीत बांधकामाच्या खोदाईत ती निघाली होती आणि कुणाला न सांगता घरी ठेवली होती. किंमत सांगितली गेली साधारण १ कोटी ३० लाख. घरात एवढं सोनं येऊनही हाती काय लागलं? पोलिसांची चौकशी. नाणी गेली पुरातत्त्व विभागाकडे.

कायदा काय म्हणतो?

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी, अंदाजे किंमत किती. मालक कुणीच नाही असं ठरलं, आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश वाटा मिळू शकतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं.

आणि लपवलं तर? वाटा जातोच, वर १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कळवणाऱ्याला हक्क आहे, लपवणाऱ्याला फक्त भीती.

दुसरा कायदा १९७२ चा. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू. तिच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही. संरक्षित किल्ले, लेणी यांच्या आवारात तर मशीन घेऊन खोदायचा विचारही नको.

मग मशीन घ्यायचंच नाही का?

घ्या, पण धंदा बदला. सापडलेली वस्तू विकू नका, शोधून द्यायची सेवा विका.

लग्नाच्या लॉनवर अंगठी पडते. सोसायटीच्या बागेत कानातलं हरवतं. शेतात काम करताना मंगळसूत्राची वाटी तुटून पडते. इथे वस्तूचा मालक तुमच्यासमोर उभा असतो, त्यामुळे मालकीचा वादच नाही. आणि त्या माणसाला वजनापेक्षा आठवण मोठी असते.

सराफकट्ट्यावरचे झारेकरी आठवा. सोनारांच्या दुकानातली धूळ विकत घेऊन, धुऊन सोन्याचे कण काढतात. घरबसल्या नशिबाची वाट बघत नाहीत. माल कुठला, मालक कोण, भाव किती, सगळं आधी ठरलेलं.

सोपा हिशोब (आकडे उदाहरणापुरते)

समजा मशीन २५,६०० रुपयांचं. एका फेरीची फी १,०००, त्यात पेट्रोल वगैरे २०० गेले. उरले ८००. म्हणजे ३२ फेऱ्यांत मशीन वसूल. तुमच्या भागात वर्षात ३२ फोन येतील का? हे मशीन घ्यायच्या आधी शोधायचं. मंगल कार्यालय, लॉनवाले, केटरर, सोसायटी मॅनेजर अशा १० जणांना भेटा. "हरवलेला दागिना महिन्यात किती वेळा शोधावा लागतो?" एवढंच विचारा.

चार नियम पाळा

१. फी दोन भागांत ठेवा: येण्याची फी ठरलेली, सापडल्यास वेगळं बक्षीस. दोन्ही आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

२. जागामालकाची परवानगी घ्या. शोधताना ग्राहक सोबत हवा. वस्तू त्याच्यासमोरच उचला.

३. सराव करा. छोटी अंगठी साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागते. रावेतसारख्या बांधकामाच्या भागात खिळे, बाइंडिंग वायर, बाटलीची झाकणं सतत आवाज देतात. आपल्या काळ्या खडकाच्या मातीत लोहाचा अंश असतो, त्यानेही मशीन फसतं. ॲल्युमिनियमची चांदी आणि सोन्याची अंगठी जवळपास सारखाच आवाज देतात. घरामागे अंगठी, नाणं, खिळा वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि कान तयार करा.

४. शोधताना जुनं नाणं निघालंच, तर तिथेच थांबा. घासू-धुऊ नका. जागेचा फोटो काढा, जागामालकाला सांगा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.

मित्रांनो, गुप्तधनावर घर चालत नाही, विश्वासावर चालतं. ज्याची अंगठी तुम्ही प्रामाणिकपणे हातात ठेवाल, तो पुढची दहा गिऱ्हाइकं आणून देईल.

या आठवड्याचा गृहपाठ: ते १० जण गाठा, उत्तरं वहीत लिहा. मशीनचं नंतर बघू!