चिकित्सालयातील टॅब : स्क्रीन किती इंची असावी?

टॅबलेट हा शब्द कानी पडताच आपल्या वर्गातील बहुतेकांना वटी वा गुटी आठवते. प्रस्तुत लेखात मात्र हातात धरून वापरावयाच्या टॅबलेट संगणकाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘टॅब’ म्हणतात त्याचा, विचार करावयाचा आहे. अनेक वैद्यांच्या टेबलावर आणि औषधालयांच्या काउंटरवर आता तो आला आहे. विकत घेताना पहिला प्रश्न स्क्रीनच्या आकाराचा येतो आणि त्याचे उत्तर बहुधा किमतीवर किंवा दुकानदाराच्या शिफारशीवर सोडले जाते. आम्हीही तसेच केले. त्यातून जे शिकावे लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचा अनुभव

मौदा येथील आमचे चिकित्सालय लहान आहे. कन्हान नदीकाठच्या गावांतील धान उत्पादक शेतकरी आणि औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात कामास येणारी मंडळी हा आमचा मुख्य रुग्णवर्ग. रुग्णनोंदी टॅबवर घेण्याचे ठरविले तेव्हा हलका, स्वस्त आणि ॲप्रनच्या खिशात मावणारा म्हणून आम्ही ८ इंची टॅब घेतला. तपासणीच्या खोलीत तो उत्तम चालला. त्याच आकाराचा दुसरा टॅब औषध देण्याच्या काउंटरवर ठेवला आणि तेथे अडचण सुरू झाली.

रोवणीच्या दिवसांत अम्लपित्ताची एक रुग्णा आली. तिला साधा सूतशेखर लिहून दिला होता. काउंटरवरील यादीत औषधाचे नाव एका ओळीत मावत नसल्याने ‘सूतशेखर र…’ एवढेच दिसत होते. साधा आणि सुवर्णयुक्त या दोन्ही नोंदी अगदी सारख्या दिसत. साहाय्यकाने वरची नोंद निवडली आणि सुवर्णयुक्त औषधाचे पाकीट बांधले गेले. रक्कम ऐकून त्या बाईंनीच “मागच्या वेळी तर एवढे पैसे लागले नव्हते” असे म्हटले, म्हणून चूक लक्षात आली. त्या बोलल्या नसत्या तर एका गरीब कुटुंबाच्या खिशातून कारण नसताना पैसे गेले असते आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता.

हे केवळ सूतशेखरापुरते नाही. आपल्या औषधांच्या नावांत भेद दाखविणारा शब्द पुष्कळदा शेवटी येतो. लक्ष्मीविलास रसापुढील ‘नारदीय’ हा शब्द यादीत कापला गेला, तर कोणता पाठ अभिप्रेत आहे हे कळत नाही. मात्रेचेही तसेच. एक रत्ती म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. त्या आकड्यातील एक अंक किंवा ‘मिलि’ हा उपसर्ग दिसेनासा झाला तर काय होईल हे रसकल्प वापरणाऱ्यांस सांगावयास नको. म्हणून आमच्या मते स्क्रीन निवडण्याची मुख्य कसोटी एकच आहे : ज्या अंतरावरून टॅब वाचला जाणार आहे, त्या अंतरावरून औषधाच्या नावातील शेवटचा शब्द आणि मात्रेचा शेवटचा अंक स्पष्ट दिसला पाहिजे.

इंच म्हणजे नेमके काय?

टॅबवर लिहिलेले इंच म्हणजे स्क्रीनच्या कर्णाची लांबी, रुंदी नव्हे. कर्ण थोडा वाढला की क्षेत्रफळ बरेच वाढते, कारण लांबी-रुंदीचे प्रमाण समान असेल तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ८ चा वर्ग ६४ आणि १० चा १००. म्हणजे दोन इंचांच्या फरकाने वाचावयाची जागा दीडपटीहून अधिक होते. ११ चा वर्ग १२१. म्हणजे ८ इंचीच्या जवळजवळ दुप्पट.

लांबी-रुंदीचे प्रमाणही पाहावे. १६:१० प्रमाणाचा १०.१ इंची टॅब सुमारे २१.८ सेंटिमीटर लांब आणि १३.६ सेंटिमीटर रुंद असतो. २०१० साली आलेल्या पहिल्या आयपॅडची स्क्रीन ९.७ इंची होती, परंतु तिचे प्रमाण ४:३ असल्याने ती सुमारे १९.७ सेंटिमीटर लांब आणि १४.८ सेंटिमीटर रुंद होती. इंच कमी, पण उभे धरल्यावर रुंदी अधिक. आपल्याकडे अनेक चिकित्सालयांत वापरला जाणारा ए-५ आकाराचा केसपेपर १४.८ गुणिले २१ सेंटिमीटर असतो, म्हणजे त्याची रुंदी नेमकी तेवढीच. केसपेपरची सवय असलेल्या वैद्यास १० ते ११ इंची टॅब ‘ओळखीचा’ वाटतो त्याचे हे एक कारण असावे.

आकाराविषयीचा वाद नवा नाही. २०१० साली ७ इंची टॅब बाजारात आले तेव्हा आयपॅडचे जनक स्टीव्ह जॉब्स यांनी हा आकार बोटांनी काम करण्यास अपुरा असल्याची जाहीर टीका केली होती. पुढे २०१२ साली त्यांच्याच कंपनीने ७.९ इंची टॅब आणला. आपल्याकडे २०११ साली विद्यार्थ्यांसाठी आलेला ‘आकाश’ही ७ इंचीच होता. तात्पर्य, कोणताही आकार स्वभावतः चांगला किंवा वाईट नाही. औषधाची मात्रा ठरविताना आपण वय, बल, अग्नी आणि काल पाहतो. येथेही काम, अंतर, डोळे आणि जागा पाहावी लागते.

ए-४ पानाचा हिशेब

शासकीय परिपत्रके, प्रयोगशाळेचे अहवाल, ग्रंथांच्या पीडीएफ प्रती आणि औषधनिर्मितीची बॅच नोंदपत्रके बहुधा ए-४ आकाराची असतात. हे पान २१ सेंटिमीटर रुंद असते. टॅब उभा धरून संपूर्ण पान रुंदीत बसविले, तर मुळात १२ पॉइंटचे असलेले अक्षर पुढीलप्रमाणे लहान होते :

८ इंची (१६:१०) – सुमारे ६ पॉइंट
१०.१ इंची (१६:१०) – ८ पॉइंटपेक्षा किंचित कमी
११ इंची (१६:१०) – सुमारे साडेआठ पॉइंट
१३ इंची (४:३) – ११ पॉइंटपेक्षा थोडे अधिक

देवनागरीत वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरे असल्याने त्याच पॉइंटमध्ये अक्षराचा मुख्य भाग रोमन अक्षरापेक्षा लहान वाटतो. ६ पॉइंटमध्ये घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष्ट आणि ष्ठ यांतील भेद डोळ्यांना जाणवेनासा होतो. अंकांत १ आणि ९ यांची गल्लत होते. संहितेतील श्लोक वाचताना अनुस्वार निसटला तर अर्थ बदलू शकतो.

यावर एक सोपा उपाय आहे. १०.१ इंची टॅब आडवा धरल्यास त्याची लांबी २१.८ सेंटिमीटर होते आणि ए-४ पान पूर्ण रुंदीत, मूळ आकारात दिसते. अर्ध्याहून कमी पान एका वेळी दिसेल आणि बोटाने वर सरकवावे लागेल, एवढेच. ८ इंची टॅब आडवा धरूनही मूळ १२ पॉइंटचे अक्षर १० पॉइंटच्या थोडे खालीच राहते.

चाळणीचा दृष्टांत

औषधनिर्मात्यांना चाळणीचे क्रमांक परिचित आहेत. ८० क्रमांकाची चाळणी म्हणजे एका इंचात ८० छिद्रे. क्रमांक वाढला की चूर्ण सूक्ष्म. स्क्रीनचेही तसेच आहे. एका इंचात किती चित्रबिंदू आहेत यावर अक्षराची रेखीवता अवलंबून असते. १०.१ इंची स्क्रीनवर १२८० गुणिले ८०० बिंदू असतील तर एका इंचात सुमारे १५० बिंदू येतात. १९२० गुणिले १२०० असतील तर सुमारे २२५. पहिल्या प्रकारात जोडाक्षरांच्या कडा पुसट दिसतात, दुसऱ्यात त्या स्वच्छ उमटतात. म्हणून कमी बिंदूंचा मोठा टॅब घेऊन समाधान मानू नये. आकार आणि बिंदू दोन्ही पाहावेत.

कोणत्या कामास कोणता आकार

तपासणीच्या खोलीत वैद्य बसून लिहितो. टॅब टेबलावर, डोळ्यांपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर असतो. रुग्णनोंद लिहिणे, पूर्वीच्या भेटी पाहणे, ‘नमस्ते’ पोर्टलवरील प्रमाणित संज्ञा शोधणे ही कामे येथे होतात. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात आयुर्वेदादी पद्धतींच्या संज्ञांचा विभाग प्रसिद्ध झाला. अशा लांब याद्या वाचताना जागा कमी पडते. येथे १० ते ११ इंची टॅब योग्य होय.

गृहभेट, शिबिर किंवा पंचकर्म कक्षात उभ्याने नोंद करावयाची असल्यास ८ इंची टॅब सोयीचा. त्याचे वजन साधारण ३०० ते ३५० ग्रॅम असते. १० ते ११ इंची टॅब ४५० ते ५५० ग्रॅमपर्यंत जातो आणि कव्हर घातल्यावर आणखी भरतो. एका हातात नाडीचा मनगट आणि दुसऱ्या हातात टॅब असताना हा फरक जाणवतो. मात्र अशा टॅबवर ठळक अक्षरांतील मोजक्या नोंदीच घ्याव्यात. तेलातुपाच्या बोटांनी स्क्रीनचा स्पर्श बिघडतो, म्हणून हात पुसण्यास फडके जवळ ठेवावे.

औषध देण्याच्या काउंटरवर टॅब स्टँडवर असतो आणि साहाय्यक ६० सेंटिमीटरवरून वाचतो. अंतर दुप्पट झाले की तेवढेच स्पष्ट दिसण्यासाठी अक्षरही दुप्पट उंच लागते. शिवाय चाळिशी लागलेल्या व्यक्तीने चष्मा न लावता काउंटरवर उभे राहणे ही रोजचीच गोष्ट आहे. येथे ११ इंचांपेक्षा लहान स्क्रीन घेऊ नये, असे आम्ही अनुभवाने सांगतो. मात्र स्क्रीन मोठी झाली की रांगेतील पुढच्या माणसालाही ती वाचता येते. रुग्णाचा व्याधी इतरांना दिसू नये, ही आपली जुनीच मर्यादा आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिला कायद्याचेही बळ दिले आहे. स्टँड आतल्या बाजूस वळवून ठेवावा.

औषधनिर्मितीच्या विभागात शेड्यूल टी नुसार ठेवावयाच्या नोंदी ए-४ तक्त्यांत असतात. तेथे १२ ते १३ इंची टॅब उपयोगी पडतो. परंतु टॅब एकाच जागी राहणार असेल तर त्याच पैशांत साधा संगणक घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

उन्हाळ्याचा विचार

विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक सूचना. आयपॅडच्या निर्मात्यांनी वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेला टॅब स्वतःहून स्क्रीनचा उजेड कमी करतो, म्हणजे ऐन गर्दीत अक्षरे पुसट होतात. मोठी स्क्रीन उजळ ठेवण्यास बॅटरीही अधिक लागते. टॅब खिडकीच्या उन्हात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये.

खरेदीपूर्वीची चाचणी

पैसे खर्च करण्यापूर्वी पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापावेत. एक १७ गुणिले ११ सेंटिमीटरचा (८ इंची), दुसरा २२ गुणिले १४ सेंटिमीटरचा (१० इंची). ते एक दिवस टेबलावर आणि काउंटरवर ठेवून पाहावेत. कोठे काय मावते आणि किती लांबून पाहावे लागते, हे तेव्हाच ध्यानी येते. नंतर दुकानात जाताना स्वतःचा एक केसपेपर, नाव झाकून, मोबाइलमधून न्यावा आणि तेथील टॅबवर उघडून पाहावा. जो साहाय्यक टॅब वापरणार आहे त्यालाच सोबत न्यावे आणि त्याच्याकडून नेहमीच्या अंतरावरून औषधाचे नाव व मात्रा मोठ्याने वाचून घ्यावी. तो अडखळला तर टॅब कितीही देखणा असो, तो आपल्या कामाचा नाही.

शेवटी एक प्रांजळ कबुली. आमच्या चुकीस केवळ स्क्रीन कारणीभूत नव्हती. प्रणाली तयार करणाऱ्यास सांगून आम्ही औषधाचे नाव दोन ओळींत पूर्ण दिसेल अशी सुधारणा करून घेतली, ‘सुवर्णयुक्त’ हा शब्द नावाच्या आरंभी आणला आणि पाकीट देताना नाव मोठ्याने वाचण्याचा नियम केला. काउंटरवर ११ इंची टॅब आला. जुना ८ इंची आता शिबिरांत फिरतो. त्यानंतर असा प्रकार घडलेला नाही. तरीही दर महिन्यास एकदा आम्ही काउंटरपलीकडे, रुग्ण उभा राहतो तेथे उभे राहून यादीतील नावे साहाय्यकाकडून वाचून घेतो. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनीही आपापल्या ठिकाणी ही चाचणी करून पाहावी, अशी विनंती आहे.