कार्ड, पत्र आणि परतीचं पाकीट

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीचा नाही. चेंडू लंबगोल, डोक्यावर हेल्मेट, आणि मैदानभर धडकाधडकी. या खेळाडूंची छापील कार्डं जमवण्याचा छंद तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पुढे फोटो, मागे कामगिरीचे आकडे. ‘टॉप्स’ कंपनीने १९५७मध्ये अडीच बाय साडेतीन इंचांची कार्डं काढली आणि आजही तेच माप चालतं.

मी लग्नानंतर विस्कॉन्सिनमध्ये आले. या राज्यात ग्रीन बे पॅकर्स हा संघ म्हणजे घरातलाच माणूस. शेजारच्या आजोबांनी मला खेळ समजावला आणि त्यांचा छंदही दिला. कार्ड टपालाने खेळाडूला पाठवायचं, सोबत पत्र लिहायचं आणि त्यावर त्याची सही मागायची. इथले संग्राहक याला ‘थ्रू द मेल’, थोडक्यात टीटीएम म्हणतात.

पद्धत साधी आहे. आपल्याकडे मासिकाला कथा पाठवताना परतीचं पाकीट जोडत, तसंच इथेही स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवायचं. कार्डं एक किंवा दोनच. गठ्ठा पाठवला की समोरच्याला तो विक्रीचा माल वाटतो. परतीच्या पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलीने खेळाडूचं नाव लिहून ठेवते. कार्ड सहीविना आलं किंवा पाकीट रिकामंच आलं, तरी ते कुणाकडून आलं हे कळतं. चकचकीत कार्डावर शाई धरत नाही, म्हणून आधी त्यावर बेबी पावडर हलकेच चोळून पुसून घेते. सहीला शार्पी मार्कर उत्तम, आणि फिकट जर्सीच्या फोटोवर निळी शाई उठून दिसते.

सध्या खेळणाऱ्यांना क्लबच्या पत्त्यावर लिहायचं. जुलैअखेर सराव शिबिरं सुरू होतात, तो काळ चांगला. हंगाम चढला की क्लबच्या टपालात पत्रांचा ढीग साचतो. निवृत्त खेळाडू मात्र मनापासून उत्तर देतात, आणि माझा जीव त्यांच्यातच अडकला आहे. त्यातही ऑफेन्सिव्ह लाइनमधल्यांत.

संघाचे अकरा जण मैदानात असतात. त्यांतले पाच जण ही लाइन धरतात. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळावा, धावणाऱ्याला वाट मोकळी व्हावी, म्हणून समोरच्यांना अंगावर घेणं, म्हणजे ‘ब्लॉकिंग’, हेच त्यांचं काम. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बेमध्ये उणे २५ अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीत पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांची लढत झाली. ‘आइस बोल’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. सोळा सेकंद उरले असताना पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार चेंडू घेऊन रेषेपार घुसला आणि पॅकर्स २१-१७ने जिंकले. स्टारला वाट करून दिली ती जेरी क्रेमर आणि केन बोमन या लाइनमधल्या दोघांनी. त्या क्रेमरला कँटनच्या ‘हॉल ऑफ फेम’ या फुटबॉलच्या सन्मानदालनात जागा मिळायला २०१८ साल उजाडलं.

अशा खेळाडूंची कार्डं स्वस्त मिळतात. १९८९च्या सुमारास ‘स्कोअर’, ‘प्रो सेट’ अशा नव्या कंपन्या उतरल्या आणि कार्डांचा एवढा पूर आला, की त्या काळातली बहुतेक कार्डं आज चिल्लरीत विकली जातात. बाजाराच्या लेखी ज्यांना किंमत नाही, त्यांनाच मी लिहिते. लाइनमधल्या एका निवृत्त गार्डने कार्डावर सही तर केलीच, वर माझ्याच पत्राच्या मागे लिहिलं, की त्याच्या ब्लॉकिंगबद्दल कुणी विचारल्याला कित्येक वर्षं झाली. एकदा कार्ड सहीविना परत आलं. सोबत पत्नीची चिठ्ठी होती, ते गेल्याची आणि पत्र वाचून मुलांना बरं वाटल्याची. ती चिठ्ठी मी सह्यांच्याच अल्बममध्ये लावली आहे.

या खेळाने माणसांकडून फार घेतलं आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे लाइनमधलाच, माइक वेब्स्टर चार ‘सुपर बोल’ अंतिम सामने जिंकला आणि २००२मध्ये पन्नाशीत गेला. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा सीटीई हा विकार सापडला. म्हणून सही थरथरती आली, तर मी त्या खेळाडूला पुन्हा कार्ड पाठवत नाही. घरच्या पत्त्यावर एकच पत्र. उत्तर आलं नाही, तर तो त्यांचा हक्क.

फसवणूकही असते. काही सह्या मदतनीस करतात, काही रबरी शिक्क्याच्या किंवा ऑटोपेन यंत्राच्या असतात. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, की यंत्राचा संशय घ्यावा, कारण माणसाचा हात दोनदा तसाच फिरत नाही. बाजारात तर सर्रास बनावट माल होता. एफबीआयने नव्वदच्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये सह्यांच्या बनावटीची मोठी टोळी पकडली. टपालाने आलेल्या सहीला साक्षीदार नसतो, त्यामुळे विक्रीला तिची किंमत कमीच येते. मला ती विकायची नाही.

हा छंद करायचा असेल, तर पत्र स्वतःच्या हाताने लिहा. ‘मी तुमचा मोठा चाहता आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणता सामना, कोणती चाल, तुम्हाला काय आवडलं, ते लिहा. आणि त्यासाठी फुटबॉलच हवा असंही नाही. कबड्डीत कोपरा सांभाळणारा, रणजीत वर्षानुवर्षं यष्टीमागे उभा राहिलेला, असा कुणी तुमच्याही मनात असेल. तो हयात आहे तोवर त्याला पत्र टाका, आणि परतीच्या पाकिटाला तिकीट लावायला विसरू नका.